एक्स्पायरबाई

वनमालानं आधी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी अर्धी कच्ची होती, ती तशीच उचलून ताटलीत टाकली. मळलेली कणीक डब्यात घालून झाकण दाबलं आणि हात कोपरापर्यंत धुवून घेतले. मग सुनेला म्हणाली, "गंधाली, आज काही शिजवायचं नाही. शिवदास गेला."

फोन अजून ओट्यावर चालूच होता. पलीकडून प्रियंका, शिवदासची नात, हॅलो हॅलो करत होती. ती पोरगी एवढंच बोलली होती की आजी, आबांना मुलुंडला ॲडमिट केलंय, सिरियस आहेत, लवकर या. स्पीकर चालू होता, घरात सगळ्यांनी ऐकलं. गेला असं कुणी म्हटलंच नव्हतं. गंधालीनं फोन उचलून "निघतोच आम्ही" सांगितलं आणि फोन ठेवला.

घाटकोपरच्या भटवाडीतलं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत निहार, वनमालाचा मुलगा, लॅपटॉप मांडून ऑफिसचं काम करत बसला होता. तो कानातली वायर काढत बाहेर आला.

"आई, सिरियस म्हणाली ती. सिरियस."

"मला सिरियस शिकवतोस? अख्खी हयात त्या शब्दात घातली मी."

आणि ती पलंगावर बसली. चष्मा लावला, मोबाईल घेतला आणि जुन्या ऑफिसातल्या बायकांना फोन लावायला लागली. सुलक्षणाला सांगितलं की शिवदास गेला गं, बॉडी कधी देतील ते बघू. सुलक्षणा तिकडे रडायला लागली तर हिनं तिला झापलं की रडतेस काय, तुझ्याशी कधी नीट दोन शब्द बोलला तरी का तो. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. चेहरा मात्र असा झाला होता, की कुणीतरी हातातली वस्तू हिसकावून पळालंय.

गंधालीनं रिक्षा बोलावते म्हटलं. वनमाला म्हणाली, मेलेल्या माणसाला घाई नसते, दुपारी सावकाश जाऊ.

तेव्हा निहार बोलला. बोलायला नको होतं, पण बोलला.

"नानांच्या वेळेस पण तू अशीच बसली होतीस ना?"

वनमालाचा फोनवरचा अंगठा थांबला. घरात कुणी तिच्यासमोर नानांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, नाव त्या अर्थानं काढायचं नाही, हा अलिखित कायदा होता. तिनं पोराकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग ती उठली. पदर खोचला, पायात मिळेल ती चप्पल घातली आणि कुणाची वाट न बघता जिना उतरायला लागली. गंधाली पर्स घेऊन मागे पळाली.

आता हे नानांचं प्रकरण काय, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर बाई वेडी वाटेल, आणि बाई वेडी नव्हती. तिला वेडी म्हणणारे भरपूर होते, त्यांचंही बघू.

वनमाला तार ऑफिसात होती. आजच्या पोरांना तार म्हटलं की कपडे वाळत घालायची तार आठवते. ही तार वेगळी. इंग्रज साहेबानं सत्तावनच्या बंडाच्याही आधी मुंबईहून कलकत्त्यापर्यंत, मद्रासपर्यंत खांब रोवून तारा ओढल्या. त्याला भाव कळायला हवे होते, फौजा हलवायला हव्या होत्या, इथली खबर विलायतेला जायला हवी होती. पण खांब एकदा उभे राहिले की त्यांतून कोण काय पाठवेल यावर कुणाचं चालत नाही. आपल्या लोकांनी त्यातून मरण पाठवलं. लग्नाच्या तारा यायच्या, बारशाच्या यायच्या, नोकरी लागल्याच्या यायच्या, पण सायकल दारात थांबली की गल्लीतली बाई पहिलं छातीवर हात ठेवायची. कोकणातल्या एखाद्या वाडीत माणूस गेला की कुणीतरी तालुक्याला धावायचा. तिथला माणूस ती बातमी कट्टकट्ट करत पुढे ढकलायचा, पुढचा त्याच्या पुढे, असं करत करत ती मुंबईला यायची आणि वनमालासारखी कुणीतरी ती मशीनवरून उतरवून घ्यायची. इंग्रजीत. चार शब्दांत, कारण शब्दाला पैसे पडायचे.

आणि त्या चार शब्दांत एक शब्द ठरलेला. सिरियस.

माणूस मेला तरी मेला लिहायचं नाही, सिरियस लिहायचं. कारण वाचणारा परगावात एकटा असतो. बाप मेला वाचून रस्त्यातच कोसळला तर त्याला उचलणार कोण? म्हणून सिरियस लिहून बोलवायचा. तो धावत यायचा, दारातली गर्दी बघायचा आणि समजायचा. चांगल्या मनानं केलेली लबाडी होती ही. पण लबाडी सगळ्यांनीच केली की ती लबाडी राहत नाही. हळूहळू लोकांना पाठ झालं. सिरियस वाचलं की बायका हंबरडा फोडायच्या, पुरुष न्हाव्याकडे जायचे. वर सुट्टी हवी असलेल्यांनी त्यातही हात मारला. गणपती आले, शिमगा आला की नोकरदारांच्या आया सिरियस व्हायला लागल्या, गावाकडून बरोब्बर तार यायची. म्हणजे घरच्यांसाठी सिरियस म्हणजे मेला आणि साहेबासाठी सिरियस म्हणजे ढोंग. राहिला खराखुरा आजारी माणूस, जो जिवंत आहे, वाट बघतोय. त्याच्यासाठी एवढ्या लांबच्या लांब तारांमध्ये एक शब्द उरला नाही. हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. वनमालाच्याही आलं नव्हतं.

तेव्हा ती तिशीची. तिच्या सुट्टीच्या एका दिवशी दुपारी दारात सायकल थांबली. शिवदास होता. त्याच ऑफिसातला तारवाला. हसतमुख माणूस, जळगावकडचा, चहा मागून पिणारा, मशीनवरच्या बायकांना चिडवणारा. त्या दिवशी हसला नाही. तारेचा दुमडलेला कागद पुढे केला. वनमालानं उघडला. राजापूरहून होती. फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.

तिनं कागदावरून नजर काढून शिवदासकडे पाहिलं. तारवाल्याला सगळं माहीत असतं असं सगळेच धरून चालायचे. तारा आधी त्याच्या हातातून जातात, कागद नुसता गोंदाच्या ठिपक्यानं चिकटवलेला, वाचायला कितीसा वेळ लागतो. शिवाय खरी बातमी ऑफिसात आधी पसरते. तिनं विचारलं, "शिवदास, गेले ना रे नाना?"

शिवदासनं मान खाली घातली.

बस. एवढंच झालं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. शेजारणींनी पाणी दिलं, कुणीतरी तिच्या चुलीवरचं भांडं उतरवलं. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं की तू पोचेपर्यंत राजापूरला काही ठेवणार नाहीत, तेव्हा धावपळ करून काय उपयोग, भाऊ येईल त्याच्याबरोबर जा. भाऊ मधुकर अंधेरीला कारखान्यात होता, त्याची पाळी सुटायची होती. संध्याकाळी ती सुट्टी सांगायला ऑफिसात गेली, तर साहेब तार वाचून हसला. म्हणाला, सणासुदीला सगळ्यांचेच बाप सिरियस होतात, वनमालाबाई. तिनं तो कागद त्याच्या टेबलावर असा आपटला की शाईची दौत उलटली. मग त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशीची एसटी पकडून बहीणभाऊ निघाले. सकाळी घरी पोचले तेव्हा काहीच उरकलेलं नव्हतं. नाना पडवीत निजवलेले होते, आदल्या संध्याकाळी गेलेले. तार केली तेव्हा जिवंत होते. बोलत होते. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला की विचारायचे, वनी इली काय गो? दीड दिवस विचारत राहिले. चुलतभाऊ तिच्यावरच खेकसला की सिरियस म्हणून स्पष्ट लिवलंला ना आम्ही, मग येवक इतको उशीर?

ती गावाहून परत आली ती वेगळीच बाई.

मशीन सोडून तिनं काउंटर मागून घेतला. आणि तिथं बसून तिनं जे सुरू केलं त्यावरून तिला नाव पडलं. कुणी तार लिहून आणली आणि त्यात सिरियस असलं, की ती कागद घ्यायच्या आधी तोंडावर विचारायची, "गेलाय की आहे?" माणूस गडबडायचा. अहो, भाऊ सुरतेला एकटा आहे, सिरियसच राहू दे, असं काकुळतीला यायचा. ही पेन उचलायची, सिरियसवर काट मारायची आणि वर एक्स्पायर्ड लिहायची. नको असेल तर दुसऱ्या ऑफिसात जा म्हणायची. असल्फाहून आलेल्या एका माणसानं तर तिला काउंटरच्या जाळीतून शिव्या घातल्या, तुझ्या काळजाच्या जागी दगड आहे म्हणाला. ती म्हणाली, असू दे, पण तुझी आई खरी आजारी पडेल ना, त्या दिवशी माझी आठवण काढशील. तक्रारी झाल्या, वर बोलावणं झालं, ऐकून घेतलं आणि परत येऊन तेच केलं. ऑफिसातले पुरुष तिला एक्स्पायरबाई म्हणायला लागले. कँटीनमध्ये ती आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, आली बघ, आता कोण गेला? आणि खीखी हसायचे. हसणाऱ्यांतल्या एकाचाही बाप हॉर्न ऐकत पडवीत पडला नव्हता. त्यांना हसायला काय जातंय.

जे खरोखर आजारी असायचे, त्यांच्या तारेत ती स्वतःच्या मनानं एक शब्द जादा घालायची, अलाइव्ह. फादर सिरियस अलाइव्ह. लोक म्हणायचे, हे काय इंग्रजी झालं? नसेल झालं. पण त्यातले किती जण वेळेवर पोचले असतील ते कुणी मोजलंय का?

शिवदासशी ती बोलायची बंद झाली. बरीच वर्षं. तो समोरून आला की ही भिंतीकडे बघायची. त्यानं कधी समजावलं नाही, माफी मागितली नाही, काही नाही. ते तिला जास्त झोंबलं. मग पुढे पगार पेन्शन झाले, तार बंद झाली, मशिनं भंगारात गेली. शिवदासची बायको वारली. वनमाला भेटायला म्हणून भांडुपला गेली आणि दारातच भांडली. आणि मग दर रविवारी जायला लागली. डब्यात कधी वालाचं बिरडं, कधी अळूचं फदफदं. डबा त्याच्यापुढे आदळायचा, खा म्हणायचं, आणि तो जेवत असताना तोच प्रश्न. त्या दिवशी मान का खाली घातलीस? सरळ म्हणायचं होतंस की बाई, नाना आहेत, पळा. तो भात कालवत म्हणायचा, जाऊ दे ना वनमालाबाई, किती दिवस तेच तेच. ती म्हणायची, सांगितल्याशिवाय मरू नकोस, एवढंच सांगते.

गेल्या महिन्यात जास्तच वाजलं. शिवदास म्हणाला, वरणात मीठ कमी आहे. ती म्हणाली, चाळीस वर्षं तुझ्या तोंडून एक खरा शब्द निघाला नाही आणि मीठ बरं कळतं. डबा उचलून निघून आली. त्यानंतर गेलीच नव्हती. आणि आज हा फोन.

रिक्षा एलबीएस रोडवर अडकली होती. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी रस्ता अर्धा गिळलेला, बाजूला डंपर घों घों करत होता. वनमाला रिक्षाच्या दांडीला धरून पुढे वाकून बसली होती, जणू तिच्या वजनानं रिक्षा पळणार होती. रिक्षावाल्याला तिनं तीनदा सांगितलं की आतून घे रे, गावदेवीकडून घे. तो म्हणाला, आजी, आतून तर अजून वाट लागलीय. गंधाली प्रियंकाला फोन लावत होती. लागला तेव्हा वनमालानं हिसकावून घेतला.

"गेलाय की आहे?"

प्रियंका रडत होती. म्हणाली, आजी, ते मला आत सोडत नाहीयेत, डॉक्टर नुसते सिरियस सिरियस करतायत, मला काहीच कळत नाहीये.

वनमालानं फोन ठेवला आणि बाहेर थुंकल्यासारखं म्हणाली, "अजून तोच शब्द. एवढ्या मोठ्या मशिनी आणल्या, आणि अजून तोच शब्द."

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं हात आडवा घातला. भेटायची वेळ नाही, पास दाखवा. ती त्याच्या हाताखालून वाकून गेली. गुडघे दुखतात म्हणून एरवी देवळाची पायरी चढत नाही ती बाई. वर आयसीयूच्या काचेच्या दारापाशी प्रियंका भिंतीला टेकून उभी होती, अंगावर अजून दुकानातल्या नोकरीचा टी-शर्ट. आतून एक तरुण डॉक्टर आला. निहारपेक्षाही लहान असेल. त्याला हिनं दारातच धरलं.

"शिवदास गेलाय की आहे?"

"आजी, पेशंटची कंडिशन सिरियस आहे, आमचे प्रयत्न चालू…"

"मी कंडिशन नाही विचारली."

"बघा, अशा केसमध्ये आपण आत्ताच काही…"

"अरे बाळा, मला दोन शब्दांतलं एक सांग. गेला तर गेला म्हण, मी इथं कोसळत नाही. आहे तर आहे म्हण आणि दारातून बाजूला हो. तिसरं काही बोलू नकोस."

कॉरिडॉरमधले नातेवाईक बघायला लागले. कुणीतरी मोबाईल पण काढला, व्हिडिओसाठी. गंधालीनं त्याच्या स्क्रीनवर हात ठेवला. डॉक्टर कंटाळून म्हणाला, आहेत. शुद्धीवर आहेत. पण कधीही काहीही होऊ शकतं.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणत ती आत घुसली.

शिवदास एवढासा झाला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नाकाजवळ वाफेचे ठिपके. सायकल मारून मारून घट्ट झालेले पाय चादरीखाली काड्यांसारखे दिसत होते. तिला बघून त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं मास्क थोडा बाजूला केला.

"आलात? मला वाटलं बसून राहाल."

"बसलेच होते. पोरानं उठवलं."

तो हसायला गेला आणि खोकला आला. नर्स मास्क लावा म्हणून ओरडली. वनमालानं त्याचा हात धरला. प्रेमानं वगैरे नाही, पोलिसानं धरावा तसा, मनगटाला. ती वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "आता तरी सांग. नाना जिवंत आहेत हे त्या कागदावर लिहिलेलं होतं. सिरियस म्हणजे सिरियस. तू वाचलं होतंस. मग मान का खाली घातलीस? तू मान वर ठेवली असतीस तर मी त्याच क्षणी पळाले असते."

शिवदासनं पुन्हा मास्क बाजूला केला. ओठ हलले, तिला वाटलं आता निघतंय. तो म्हणाला, "आम्हाला वाचायची परवानगी नव्हती, बाई."

वनमालाचा हात सुटला. एवढ्या वर्षांनी, मरणाच्या दारात, या माणसानं तिला ऑफिसचा नियम सांगितला होता. साहेबाच्या तोंडी शोभला असता असला नियम. ती ताठ उभी राहिली. म्हणाली, "मग मर त्या परवानगीसकट." आणि बाहेर आली. प्रियंकानं विचारलं, आजी, आबा काय म्हणाले? ती म्हणाली, तुझा आबा शेवटपर्यंत नोकरीवर आहे.

तरी घरी गेली नाही. काचेच्या दाराबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून राहिली. गंधालीनं वडापाव आणला तो खाल्ला नाही. वॉचमन दोनदा उठवायला आला, दोन्ही वेळा त्यालाच शिव्या खाऊन जावं लागलं. संध्याकाळी तोच डॉक्टर बाहेर आला आणि या वेळी त्यानं न विचारता, सरळ तिच्यासमोर उभं राहून सांगितलं की आजी, गेले. वनमालानं मान हलवली आणि म्हणाली, हां, असं सांगायचं.

स्मशानात ती आली नाही. दहाव्याला गेली, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबली आणि कुणाशी न बोलता परतली. लोक म्हणाले, बघा एक्स्पायरबाईचं काळीज. म्हणू देत. त्यांच्यातला एकही जण दर रविवारी डबा घेऊन भांडुपची टेकडी चढला नव्हता.

पुढचं फार नंतर कळलं, तेही प्रियंकाच्या तोंडून, सहज बोलता बोलता. शिवदास गावी चौथीपर्यंत शिकला होता, मराठीत. मामाच्या जागी तात्पुरता म्हणून सायकलवर चढला आणि तसाच कायम झाला. घाटकोपरच्या चाळींची इंग्रजी नावं त्यानं अक्षरांच्या चित्रावरून ओळखायला शिकून घेतली होती, अडलं तर पानवाल्याला विचारायचा. कागदाच्या आत काय आहे ते ऑफिसात त्याला कुणी सांगायचं नाही आणि विचारायची त्याला लाज वाटायची. कुणी वाचून दाखव म्हटलं की परवानगी नाही म्हणायचा. लग्नाची तार असो, बारशाची असो, प्रत्येक दारात मान खाली घालूनच उभा राहायचा. हातात काय आणलंय ते त्याला कधीच माहीत नसायचं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.